डबडीचं तोंड

१२ जून

भिंगरे,

फोन वाजतो तेव्हा मी उचलत नाही. तुझ्या आईने उचलून माझ्या कानाला लावलाच, तर तोंड मिटून बसते. तुला वाटत असेल, म्हातारीला ऐकू येईनासं झालं. ऐकू सगळं येतं. ‘आजी, बोल ना गं’ हेही येतं. पण माझा आवाज तुझ्या कामाचा नाही हे तू भरल्या सभागृहात दाखवून दिलंस, तेव्हा तो मी आता तुझ्यावर खर्च करणार नाही. सांगायचं ते तुझ्या आईला सांगेन, ती लिहील. शब्द तुला आवडतात, ते घे. कुणाच्या तोंडून वाचून घ्यायचे ते तुझं तू बघ.

तुझ्या आईने इथेच पेन खाली ठेवलं. म्हणाली, सासूबाई, पोरगी परक्या ठिकाणी एकटी आहे, सुरुवात तरी गोड करा. मी म्हटलं, गोड लिहायचं तर तू वेगळा कागद घे, हा माझा आहे. तेव्हा अक्षर तिचं आणि कडूपणा माझा. मध्येच कुठे मऊ लागलं तर समज, तिने पदरचं घातलं.

तू विसरली असशील म्हणून पहिल्यापासून सांगते. शिकून मोठी झालेली माणसं बाकी सगळं लक्षात ठेवतात. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तुला हलतं चित्र करून द्यायचं होतं. कॉम्प्युटरवर तू एक यंत्र उभं केलंस. पोटाच्या जागी उपडी बादली, डोक्याला पातेलं, खाली चाकं. घर झाडणारं जुनं यंत्र, नवीन आणल्यावर घरच्यांनी कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं, आणि तिथून ते सगळ्यांना टोमणे मारतं, अशी गोष्ट. मी म्हटलं, रोबो कसला, डबडं आहे हे. तू म्हणालीस, डबडं नाही आजी, डबडी. बाई आहे ती. आणि माझ्याकडे बघून हसलीस. शहाणी असते तर तेव्हाच उठून गेले असते.

तिचं बोलणं तू लिहून आणलं होतंस. इतकं सपक की आजाऱ्याला चाललं असतं. मी म्हटलं, कोपऱ्यात टाकलेलं माणूस असं बोलत नाही. मग कसं बोलतं, तूच बोल, म्हणून तू मला कपड्यांच्या कपाटात बसवलंस. कपडे आवाजाचं घुमणं पिऊन टाकतात म्हणे. वर तुझ्या बापाचा कोट, मागे रजया, मांडीवर उशी, आणि त्या ढिगातून फक्त माझं डोकं बाहेर. तुझा बाप कोट शोधत आला आणि त्यात आई सापडल्यावर काही न बोलता तसाच परत गेला. त्याने आयुष्यात तेवढंच एक शहाणपण केलं.

बोलले मी. ‘नवी आणलीत, बरं केलंत. ती बोलत नाही म्हणून तुम्हाला वाटतं ती ऐकते.’ ‘चाकं मला, आणि पळापळ तुमची.’ तू हसून हसून खुर्चीवरून घसरलीस आणि पुन्हा बोल म्हणालीस, कारण हसण्याचा आवाज आत गेला होता.

मग तोंडाचं काम. तुमच्यात आधी आवाज घेतात आणि त्या आवाजावर चित्राचं तोंड हलवतात, हे तूच मला समजावलंस. तू आरशासमोर बसून ओठ वेडेवाकडे करायचीस. मी म्हटलं, आरशात काय बघतेस, माझ्याकडे बघ. सूतगिरणीत माझं तरुणपण गेलं. तिथल्या यंत्रांपुढे ढगाचा गडगडाट म्हणजे कुजबूज. आम्ही बायका दिवसभर नुसत्या ओठांनी बोलायचो, पलीकडच्या रांगेतली काय म्हणाली ते तिच्या तोंडावर वाचायचो. कुणाचा नवरा, कुणाची सासू, सगळं बिनआवाजाचं. त्या तोंडाने मी तुला एकेक अक्षर सावकाश करून दाखवलं आणि तू ते डबडीच्या पातेल्यावर उतरवलंस. ओठ आत ओढून घ्यायची माझी खोडसुद्धा तिला दिलीस.

आणि मग तुमच्या कॉलेजच्या सभागृहात मी पहिल्या रांगेत बसले. एकटी नव्हते. खालच्या मजल्यावरची शिंपीण होती, तिची नणंद होती, जिन्यातल्या आणखी दोघी होत्या. मीच नेल्या होत्या. माझा आवाज ऐकायचाय का, चला, म्हणून. दिवे गेले, डबडी पडद्यावर आली, तिने तोंड उघडलं, आणि आतून दुसरीच बाई बोलायला लागली.

शब्द माझे. एकही बदललेला नाही.

दिवे आल्यावर शिंपिणीने विचारलं, आजी, यात तुमचा आवाज कुठला? मी म्हटलं, तोच की गं. मशीनमधून गेला की तसा होतो. तिला पटलं. बायकांनी माझा हात हातात घेतला. आता जिन्यात भेटली की जी ती म्हणते, आजी, डबडीसारखं बोलून दाखवा ना, आणि मला त्या बाईची नक्कल करावी लागते.

याला काय म्हणतात ते तू शिकलेली आहेस, तूच सांग.

आजी


२९ जून

भिंगरे,

तुझं पत्र आलं. तुझ्या आईने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून. पहिल्यांदा ती काही ओळी गिळत होती.

तर तुझे सर म्हणाले, आवाज झकास आहे पण शब्द कळत नाहीत, आजींचा ‘स’ शिट्टीसारखा सुटतो, परीक्षकांना समजलं पाहिजे. सरांच्या ओळखीची एक नाटकातली बाई होती, म्हाताऱ्यांचे आवाज काढणारी. तिने एका बैठकीत सगळं बोलून दिलं. आणि तू मला सांगणार होतीस, पण जमलं नाही.

इथे मी वाचन थांबवलं. जमलं नाही म्हणजे काय गं? ‘आजी, पहिल्या रांगेत बस’ हे सांगायला जमलं. ‘ती निळी साडी नेस’ हेही जमलं. मधलं तेवढं राहिलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही विद्या तुला कॉलेजात शिकवली की तुझ्या बापाकडून आली?

बाई बोलली चांगली, ते मी नाकारत नाही. अगदी माझ्यासारखी, फक्त दात असलेली. माझा तिच्यावर राग नाही. ती पोटासाठी म्हातारी होते, मी फुकट झाले.

तुझी आई म्हणते, झालं गेलं सोडून द्या, पोरीला त्या फिल्ममुळे नोकरी लागली. लागली ना, मग मी कुठे म्हणते सोड ती. तुझ्या आईचंही मला कळतं. एका बाजूला सासू, एका बाजूला मुलगी, आणि मध्ये हातात पेन. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आत्तासुद्धा लिहिता लिहिता नाक ओढते आहे. हे लिहू नका म्हणते. लिही म्हटलं.

आता खरी गोष्ट. ती मागच्या पत्रात मी राखून ठेवली होती.

आवाज तू बदललास, तोंड बदलायला तुला वेळ नव्हता. तोंड माझंच राहिलं. मी त्या अंधारात कान बंद केले असते तरी मला सगळं ऐकू आलं असतं. आणि ती जागा आली. डबडी नव्या यंत्राला बोलत असते, बोलता बोलता थांबते, मान वळवते, ओठ हलत राहतात आणि आवाज नाही. लोक तिथे सगळ्यात जास्त हसले. त्यांना वाटलं, यंत्र अडकलं, जुनं आहे बिचारं. शिंपीण तर डोळे पुसत होती. मी हसले नाही, कारण मी वाचत होते. मला अक्षर येत नाही, तोंड येतं. डबडी म्हणत होती, ‘भिंगरे, डोळे बघ कसे लाल झालेत. बंद कर ते आणि पड जरा.’

आठवतं का? कपाटाचं दार किलकिलं होतं आणि तू समोर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली होतीस. मी टोमणा अर्धा सोडून तुला म्हटलं होतं. तू म्हणालीस, आजी, मध्ये बोलू नकोस, सगळं आत जातं. गेलं आत. त्या बाईला ते कुणी बोलायला दिलं नाही, पण डबडीच्या तोंडावर ते राहिलं. अख्ख्या सभागृहात तेवढंच एक माझं होतं आणि ते फक्त मला कळलं.

मला एकच विचारायचं आहे. ते तू विसरून राहू दिलंस, की ठेवलंस? विसरली असशील तर तसं लिही, मी काही मरत नाही. पण खरं लिही. तुझ्या आईच्या चेहऱ्यावरून मला खोटं कळतं. ती वाचताना तिचे ओठ मी बघत असते.

आजी


१८ जुलै

भिंगरे,

ठेवलंस म्हणतेस.

तुझ्या आईने ती ओळ वाचली. ‘ते कापायला माझा हात धजला नाही, आजी, ते माझ्यासाठी होतं.’ मी काही बोलले नाही, तर ती घाबरली, पाणी आणलं. चक्कर नव्हती आली. माणूस कधीतरी नुसतं गप्पही बसतं, पण माझ्याबाबतीत या घराला त्याची सवय नाही.

दुसरंही वाचलं. कंपनीला डबडी आवडली, तिचे पुष्कळ भाग करायचे आहेत, फोनवर बघता येतील असे छोटे छोटे. आणि या वेळी आवाज माझा. तू साहेबांना सांगितलं आहेस, आजीशिवाय मी करणार नाही. असंच लिहिलंयस ना? तुझ्या आईचे ओठ तेच म्हणत होते.

मग ऐक. मी दात बसवून घेतले.

हसू नकोस. तुझा बाप किती वर्षं मागे लागला होता, तेव्हा मी म्हटलं होतं, जेवण माझ्या हिरड्यांना घाबरतं, दात कशाला. पण ‘स’ची शिट्टी हिरड्यांनी जाणार नाही. दातांचा डॉक्टर म्हणजे कालचं पोर. म्हणाला, आजी, सावकाश सवय होईल, सुरुवातीला तोंडात परकं कुणी राहायला आल्यासारखं वाटेल. मी म्हटलं, अनुभव आहे, सून आली तेव्हाही असंच वाटलं होतं. तुझी आई तिथेच उभी होती. हसली हो, मनापासून.

आता रोज आरशासमोर बसते. ‘सकाळी सकाळी सासूने सुनेसाठी सोलली साल.’ कसली साल ते विचारू नकोस, ‘स’साठी सोलली आहे. पहिले काही दिवस तर शिट्टी गेली आणि त्या जागी टकटक आली, घोडा चालल्यासारखी. शिंपीण वर येऊन विचारून गेली, कुणी दार वाजवतंय का. आता टकटकही कमी झाली आहे. तुझी आई म्हणते, स्पष्ट येतं. तुझा बापही पेपरातून डोकं काढून म्हणाला, कळतंय. त्याच्या हिशेबाने हे भाषण झालं.

फोनवर मात्र अजून बोलणार नाही. राग आहे म्हणून नव्हे. आवाज एकदाच काढीन, तिथे, तुझ्यासमोर, नव्या दातांनी. तुमच्याकडे त्यासाठी वेगळी खोली असते असं तू लिहितेस, भिंतींना गाद्या लावलेली. म्हणजे कपाटच, मोठ्या माणसांचं. माझं बोलावणं कधी येतं ते कळव. तुझी आई सोबत येईल, तिला मी विचारलेलं नाही, पण येईल.

तोवर पत्रं पाठवत राहा, आधीसारखीच तिखट, असं तू म्हणतेस. सुचायला मदत होते म्हणे. आता तिखट कुठून आणू? जिच्यावर राग होता ती मला वितळवून बसली आहे.

डोळ्यांची काळजी घे. हे या वेळी आवाजासकट समज.

आजी


३ ऑक्टोबर

भिंगरे,

बोलावणं आलं नाही. मी वाट बघत होते हे तुझ्या आईने तुला फोनवर सांगितलं असेल. तिला मी सांग म्हटलं नव्हतं.

परवा शिंपीण वर आली. फोन हातात, पदर खोचलेला, जिन्यातल्या त्या दोघी मागे. म्हणाली, आजी, तुमचं नवीन आलं आणि तुम्ही सांगितलंसुद्धा नाही. मला मध्ये बसवलं आणि फोन उशीला टेकवून लावला.

डबडी आली. तीच बाई बोलायला लागली.

ती म्हणाली, ‘शब्द तुम्हाला आवडतात, ते घ्या. आवाज मी तुमच्यावर खर्च करणार नाही.’ बायका हसल्या. मग नव्या यंत्राकडे बघून म्हणाली, ‘ती पोटासाठी काम करते, मी फुकट म्हातारी झाले.’ उलटसुलट केलं आहेस, बाकी तेच. मग डबडीला दात बसवतात. ती म्हणते, तोंडात कुणी परकं राहायला आल्यासारखं वाटतं, सून आली तेव्हाही असंच वाटलं होतं. तुझ्या आईच्या हातात चहाचे कप होते. तिने ते ठेवले आणि आत गेली. साल सोलायचंसुद्धा तू सोडलं नाहीस. आता खाली अंगणात मुलं तेच म्हणत खेळतात.

ती पत्रं मी तुला लिहिली होती. भागांना नाही.

तू म्हणशील, आजी, साहेबांनी ऐकलं नाही, बाईचा करार आधीच झाला होता, मी भांडले. भांडली असशील. पण माझं बोलणं उचलून त्यांना द्यायला तुझ्या हाताला कुणी धरलं होतं? मी चिडून बोलले, तू लिहून घेतलंस. मी विरघळून बोलले, तेही लिहून घेतलंस. मला वाटलं आपलं भांडण चाललंय, मग वाटलं आपलं गूळपीठ झालं. तुझं मात्र पहिल्यापासून कामच चाललं होतं.

आणि तोंड. मी बायकांच्या हसण्यातून तोंड बघत होते. आता तुम्ही आधीपासून तिचा आवाज घेता, तेव्हा तोंडही तिचंच. ओठ आत जात नाहीत. ते मला आधीच समजायला हवं होतं, त्यात तुझा दोष नाही, कामच तसं आहे. पण ती अडकायची जागा तुम्ही ठेवली आहे. प्रत्येक भागात, शिंपिणीने मला एकामागून एक दाखवले. डबडी बोलता बोलता थांबते, मान वळवते, ओठ हलतात, आवाज नाही. लोकांना आवडलं म्हणून ठेवलं असणार. मी चष्मा पुसून वाचायला बसले. एका भागात वाटलं, घाईत चुकले असेन, म्हणून पुन्हा लावायला सांगितलं.

काही नव्हतं त्यात. नुसते ओठ हलत होते.

हे तू केलंस की तुझ्या हाताखालच्या कुणी केलं, मला माहीत नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक की तिथे कधी काही होतं.

बायका निघाल्या तेव्हा शिंपिणीने माझा गाल धरला. म्हणाली, आजी, दात बसवले आणि तुमचा आवाज किती सुधारला. मी म्हटलं, हो ना.

तुझ्या आईला मी विचारलं, तुला माहीत होतं का. तिने मान हलवली. नाही असं. तिच्या ओठांवर काही नव्हतं वाचण्यासारखं, ते थरथरत होते. ती हे लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर तिला बोलू नकोस.

आजी


२६ ऑक्टोबर

भिंगरी हिस,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने ते वाचून दाखवलं.

माझी तब्येत चांगली आहे. वडील कामावर जातात. आईची तब्येत चांगली आहे. इकडे हवा कोरडी आहे. सकाळी थोडी थंडी असते. पाण्याचा नळ दुरुस्त केला. आता पाणी व्यवस्थित येतं.

तू चूक झाली असं लिहिलं आहेस. ते मला समजलं. तू क्षमा मागितली आहेस. ती मी केली आहे. तू रागावलीस का असं विचारलं आहेस. नाही.

पुढच्या महिन्यात येणार असं तू लिहिलं आहेस. यावं. तुझी खोली आवरून ठेवली आहे.

आधीसारखी पत्रं लिही असं तू लिहिलं आहेस. हे पत्र मी सांगितलं तसंच आईने लिहिलं आहे. तिने कमी केलेलं नाही आणि वाढवलेलंही नाही.

जेवण वेळेवर घ्यावं.

आईने आत्ता विचारलं, अजून काही घालायचं का. मी नाही म्हटलं.

आजी